‘सगळे धर्म सारखेच’ म्हटल्यावर मुलाने विचारलं, मग भांडतात कशाला?

पत्र : आम्ही मूळचे भुसावळचे, आठ वर्षांपासून लेस्टरला आहोत. मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळेत सध्या जगातले धर्म शिकवतात. त्याचा जिवलग मित्र मुसलमान आहे. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ त्याने माझ्या फोनवर पाहिला आणि विचारलं, “मम्मी, हे लोक आपले दुश्मन आहेत का?” मी म्हटलं, सगळे धर्म सारखेच असतात. तर म्हणाला, “मग भांडतात कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. २०२२ साली इथे लेस्टरमध्ये जे झालं तेही त्याला सांगितलेलं नाही. सांगावं का?

उत्तर : ताई, सांगावं. पण त्याआधी ‘सगळे धर्म सारखेच’ हे वाक्य मागे घ्यावं. तुम्ही ते चांगल्या मनाने म्हणालात, मीही वर्गात कित्येक वर्षं म्हणत आले. पण तुमचा मुलगा शाळेत वेगळंच शिकून येतो. ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात. मुसलमान त्यालाच ईसा म्हणतात, पैगंबर मानतात, पण देवाला पुत्र नाही असं ठामपणे सांगतात. ज्यू त्याला मसीहा मानत नाहीत. जैन सृष्टी निर्माण करणारा देवच मानत नाहीत. हे फरक खरे आहेत आणि ज्याच्या त्याच्या जिवाभावाचे आहेत. ते पुसून टाकले की मुलाला वाटतं, मम्मी काहीतरी लपवते आहे.

फरक असणं म्हणजे वैर नव्हे, हे त्याला कळायला हवं, आणि ते शिकवायला तुमच्याकडे आपली खान्देशातली देवी कानबाई आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते. तिच्या प्रसादाचे रोट आम्ही भाऊबंदांखेरीज कुणालाही देत नाही. शेजारच्या खालाजान ईदला शीरखुर्म्याचं पातेलं भरून पाठवायच्या, पण माझ्या आईने रोटाचा तुकडा त्यांना कधी दिला नाही आणि त्यांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही. पुरणपोळी मात्र होळीला त्यांच्या घरी आधी जायची. आजी म्हणायची, “त्याना देव त्याले, आमना देव आमले.” मित्र तुमच्याकडचं मटण खात नाही याचं कोडं मुलाला पडत असेल, तर त्याला आधी आपल्या रोटांचं सांगा. लगेच समजेल.

आता भांडणाचं. इतिहासाची शिक्षिका म्हणून माझा अनुभव असा, की मुलांना ‘कोण बरोबर’ यापेक्षा ‘नेमकं कशावरून’ हा प्रश्न शिकवला तर ती फार पुढे जातात. तुम्ही ब्रिटनमध्ये आहात, तर उत्तर आयर्लंडपासून सुरुवात करा. दोन्हीकडचे लोक ख्रिस्ती, एक कॅथलिक, दुसरे प्रोटेस्टंट. पण पोपवरच्या श्रद्धेवरून कुणी बंदूक उचलली नव्हती. सतराव्या शतकात अल्स्टरमधल्या आयरिश कॅथलिकांच्या जमिनी काढून इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेल्या प्रोटेस्टंटांना दिल्या गेल्या. १९६० नंतरच्या दशकात लोक रस्त्यावर आले ते घरांचं वाटप, नोकऱ्या आणि स्थानिक निवडणुकीतल्या मताच्या हक्कासाठी. शिवाय हा प्रदेश ब्रिटनचा की आयर्लंडचा, हा वाद होताच. १९९८ च्या शांतता करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. शेतीच्या बांधावरून भावकी कशी पेटते हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या बांधाला धर्माचं नाव मिळालं की भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८, हेही असंच. कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट म्हणून सुरू झालं, पण पुढे कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने लढला, कारण त्याला शेजारचं हॅब्सबर्ग घराणं वरचढ होऊ द्यायचं नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट बुद्धिबळासारखी आवडते.

मात्र ‘धर्माचा काही संबंधच नसतो’ असंही सांगू नका. जमिनीसाठी माणूस भांडतो, देवासाठी मरायला तयार होतो, आणि हे ज्यांना ठाऊक असतं ते त्याचा वापर करतात. ‘आपले’ कोण आणि ‘ते’ कोण, ही रेघ धर्माने ओढून मिळते. शिवाय एकाच जागेवर दोघांची किंवा तिघांची श्रद्धा असली, जशी जेरुसलेममध्ये आहे, तर तिथे खराखुरा पेच असतो, निव्वळ राजकारण नसतं.

आणि हे सगळं दूरदेशीचं सांगून थांबू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. ७ मे १९७० ला भिवंडीत दंगल झाली आणि दुसऱ्याच दिवशी आपलं जळगाव पेटलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मेलेल्यांत बहुतेक सगळे मुसलमान होते. मी तेव्हा नऊ वर्षांची, आम्ही धरणगावला राहायचो. वडिलांनी कितीतरी दिवस जळगावची बस धरली नाही आणि विचारलं तर ‘काही नाही, तू अभ्यास कर’ एवढंच म्हणाले. कारण मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही एका मैत्रिणीकडून, जिचे काका त्यात गेले होते. तिच्यासमोर मला काहीच माहीत नव्हतं याची बोचणी आजही आहे. वडिलांवर माझा राग नाही, पण त्यांनी सांगायला हवं होतं.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल झाली. सुरुवात एका खाण्याच्या ठिकाणी बिलाच्या पैशांवरून झालेल्या बाचाबाचीने झाली, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुणांचा जीव गेला. बिलावरून रोज कुठे ना कुठे भांडण होतं. त्या दिवशी ते दोन माणसांचं न राहता दोन जमातींचं कसं झालं, हा प्रश्न मुलासमोर ठेवा. तुमच्या लेस्टरमध्येही २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारत-पाकिस्तानची क्रिकेट मॅच झाली, त्यानंतर हिंदू-मुसलमानांतलं वातावरण तापत गेलं आणि मोबाइलवरून अफवा धावल्या. ते याच्या शेजारी ठेवलंत की दुवा त्याचा तोच लावेल.

आणखी एक. भांडण फक्त दोन धर्मांतच असतं असा त्याचा समज होऊ देऊ नका. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, कारण विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य म्हणून हिंदूंनाच प्रवेश नव्हता. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला तो का, हे सवर्ण घरातल्या मुलाने आपल्या आईच्याच तोंडून ऐकावं. आपल्या घरातला दोष आधी मान्य केला, की दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलताना जीभ आपोआप जपून वळते.

ग्रुपवरच्या व्हिडिओचं काय करायचं? वडीलधाऱ्यांशी ग्रुपवर वाद घालू नका. ज्यांनी पाठवला त्यांना वेगळा फोन करा आणि सांगा, “मामा, पोराने पाहिलं, घाबरला. असलं नका पाठवत जाऊ.” खान्देशातला मामा भाचीचं एवढं ऐकतो. आणि मुलासोबत बसून तो व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढला हे शोधा. पुष्कळदा तो दुसऱ्याच देशातला निघतो.

मित्राच्या आईला विचारून एखाद्या दिवशी मशिदीत घेऊन जा, आणि त्या मुलालाही आपल्या देव्हाऱ्यासमोर बसवा. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, आणि पुढे कुराण मुळातून वाचता यावं म्हणून तेच विनोबा अरबी शिकले. आपलं सोडून नाही, आपलं पक्कं धरून शिकले. मुलाला हे अवश्य सांगा.

उन्हाळ्याच्या सुटीत याल तेव्हा बऱ्हाणपूरची जामा मशीद दाखवा. फारुकी सुलतानाने बांधलेल्या त्या मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. मग जळगावात भिलपुऱ्यात जा. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला रामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, तेव्हा तिथे मुसलमान संत लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि चादर चढवली जाते. १९७० ची दंगल याच शहरात झाली, हेही त्याला तिथेच उभं राहून सांगा. तो दोन्ही कसं खरं म्हणून विचारेल. विचारू द्या. तुम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही तर घरी आजोबा असतील, त्यांना १९७० आठवत असेल. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर तारखा नागपंचमी बघून ठरवा, कानबाईला पोराच्या हाताला रोटाचं पीठ लागलं पाहिजे.