आरोपी पळू लागला तर पोलीस त्याला थेट गोळी घालू शकतात का?

तुम्ही विचारलंय की आरोपी पळू लागला तर गोळी घालणं कायद्यात बसतं का, आणि गुन्हा किळसवाणा असेल तर नंतर चौकशी कशाला हवी.

नुसता पळतोय म्हणून, नाही. संविधानाच्या कलम 21 प्रमाणे कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचाही जीव घेता येत नाही, मग तो आरोपी का असेना. अटकेचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 46 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 43 झालं. अटकेला विरोध करणाऱ्याला धरायला लागेल तेवढं बळ वापरता येतं. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला ठार मारण्याचा हक्क हे कलम देत नाही. यावरून लोक परस्पर ठरवतात की खुनाचा आरोपी असला तर उडवला तरी चालेल. तसं मुळीच नाही! तिथेही दुसरा इलाज उरला नव्हता हे दाखवावंच लागतं. पोलिसांना स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो तुमच्याआमच्याइतकाच.

मी फौजदारी वकिली करतो. माझ्या मते खरा प्रश्न तो माणूस किती वाईट होता हा नाहीच. गोळी सुटली त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका होता का, हा आहे.

1995 ते 1997 या काळात मुंबईत पोलिसांच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मारली गेली. ते प्रकरण पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने कोर्टात नेलं आणि 23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 16 नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, शिवाय दंडाधिकाऱ्यांची चौकशी. चकमक खरी होती हे नि:संशय ठरेपर्यंत शौर्यपदक नाही, आणि लगोलग बढतीही नाही. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण बक्षिसाची आशा असली की हात ट्रिगरकडे लवकर जातो.

बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं. उच्च न्यायालयाने सुनावणीत विचारलं की गाडीतल्या चौघांना एक माणूस आवरला नाही का, आणि गोळी पायावर न मारता डोक्यात का. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचं आलं. दोष कुणाचा हे कोर्ट ठरवेल. पण त्याच्यावरचा आरोप इतका घोर होता की रस्त्यावर पेढे वाटले गेले, आणि तरी हे प्रश्न विचारले गेले, याचं मला समाधान आहे. त्या लहान मुलींच्या बाजूचा खटला पुराव्यानिशी चालून शिक्षा व्हायला हवी होती. तो हक्क त्यांचाही गेला.

तुमच्या ओळखीत असा मृत्यू झाला असेल आणि हे नियम पाळले गेले नसतील, तर घरच्यांना थेट त्या भागाच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. तशी सोय त्याच 16 नियमांत आहे. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, जमल्यास त्यातला एक जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख, आणि चित्रीकरणासह व्हायला हवं. ते चित्रीकरण आधी मागा.