प्रोबेशनवर असताना नारळ मिळाला, आता?

नवी नोकरी, जेमतेम चार महिने झालेले, शुक्रवारी संध्याकाळी एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि हातात नारळ दिला. गावं बदलतात, पगाराचे आकडे बदलतात, तुम्ही मला पाठवता त्या पत्रांतली गोष्ट तीच असते : प्रोबेशन, म्हणजे कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, चालू असतानाच काढलं. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवलेत. एक आधीच सांगते, तुमचं नियुक्तीपत्र मी पाहिलेलं नाही. ते न पाहता छातीठोक सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा, मग तो तुमचा मेहुणा का असेना.

प्रश्न : प्रोबेशनवर असताना कारण न देता काढता येतं का? (वाकड)

बहुतेक वेळा येतं. नियुक्तीपत्रात लिहिलेली नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार मात्र द्यावा लागतो. 'काम समाधानकारक नाही' एवढंच पत्रात असेल तर न्यायालयं त्याला सहसा कलंक, म्हणजे तुमच्या नावावरचा डाग, मानत नाहीत. चोरी, खोटी बिलं, गैरवर्तन असा ठपका ठेवला आणि चौकशी केलीच नाही, तर गोष्ट वेगळी. शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1974 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, आदेशाची भाषा साधी असली तरी त्यामागचं खरं कारण तपासता येतं. खटला सरकारी सेवेतला होता, तरी खासगी नोकरीच्या वादातही वकील हाच धागा धरतात. पत्र घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून वीस दिवस झाले होते. कन्फर्मेशन लेटर आलं नव्हतं आणि काढलं. मित्र म्हणतो, मी आपोआप पर्मनंट झालोय. 240 दिवसांचाही काही नियम आहे म्हणे. (चाकण)

मित्र वकील आहे का? मुदत संपली की आपोआप कायम, असं सरसकट नाही. नियुक्तीपत्र किंवा सेवानियम प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरवून देत असतील, तरच तो मुद्दा उभा राहतो. पत्रात 'लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील' हे वाक्य आहे का, ते आज बघा. बहुतेक असतंच.

240 चा आकडा कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या नियमावलीत, तात्पुरत्या आणि बदली (दुसऱ्याच्या गैरहजेरीत काम करणाऱ्या) कामगारांसाठी येतो. नोकरकपातीची नोटीस आणि भरपाई मागताना वर्षभराच्या अखंड सेवेचं मोजमाप म्हणूनही येतो. चहाच्या टपरीवर या दोन्हींची खिचडी होते. तुमचे तर तेवढे दिवस भरलेलेच नाहीत.

प्रश्न : मी खासगी मान्यताप्राप्त शाळेत शिक्षिका आहे. कायम जागेवर नेमणूक होती, सव्वादोन वर्षं झाल्यावर 'प्रोबेशन समाधानकारक नाही' म्हणून काढलं. मलाही हेच लागू का? (सातारा)

नाही, तुमचं घर वेगळं. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा स्वतंत्र कायदा आहे. कायम जागेवर नियमानुसार नेमणूक असेल तर त्यात प्रोबेशन दोन वर्षांचं आणि ते पूर्ण झाल्यावर कायम झाल्याचं धरलं जातं. शिक्षण सेवकांचा, म्हणजे आधी मानधनावर नेमलेल्या शिक्षकांचा, हिशेब वेगळा. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला फक्त 30 दिवस असतात. संस्थाचालक 'जूनमध्ये बघू' म्हणत असतील तर त्या जूनची वाट पाहू नका. उद्याच वकील गाठा.

प्रश्न : मला दोन पर्याय दिले. राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेट करतो, मग पुढे कुठेच नोकरी मिळणार नाही. मी घाबरून तिथेच मेल टाकला. याला दोन महिने झाले. आता काही होईल का? (खराडी)

दोन महिने कशाची वाट पाहिलीत, हे मी आधी विचारणार.

राजीनाम्याचा मेल म्हणजे कंपनीला तुम्ही आपल्या हाताने लिहून दिलेली पावती. 'आम्ही काढलंच नाही, त्या स्वतः गेल्या,' असं म्हणायला ती मोकळी आणि जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांत आठ जण हीच पावती देऊन आलेले असतात. शिकलेली माणसं, सदनिकेच्या करारातली प्रत्येक ओळ वाचणारी, आणि त्या खोलीत पाच मिनिटांत सही करून मोकळी होतात. कारण त्यांना सांगितलेलं असतं की 'आमच्या हातात आज सहापर्यंतच वेळ आहे'. ती सहाची मुदत कायद्यात कुठेही नाही. ती तुम्हाला घरी फोन करता येऊ नये म्हणून असते.

राजीनामा नेहमीच वाईट असंही मी म्हणत नाही. पुढची नोकरी हातात असेल तर तो सोयीचा पडतो. पण तो घरी बसून, दोन माणसांना विचारून द्यायचा. त्या खोलीत एकच वाक्य बोलायचं : 'मला हे लेखी द्या, वाचून उद्या उत्तर देते.' ओळखपत्र काढून घेतलं, लॅपटॉप लॉक झाला, तरी हेच वाक्य.

दबावाखाली दिलाच असेल तर त्याच रात्री स्वतःच्या मेलवरून कळवायचं की अमुक वाजता, अमुक जण हजर असताना राजीनामा मागितला, तो स्वखुशीने दिलेला नाही आणि मी तो मागे घेते. तेच पत्र दोन महिन्यांनी गेलं की वकिलाने शिकवलेलं वाटतं.

आता मुदत. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा 1971 चा कायदा आहे, त्याखाली तक्रारीला 90 दिवस मिळतात. तुमचे साठ गेले. विलंब माफ होऊ शकतो, पण 'एचआर फोन उचलत नव्हते' हे त्याचं कारण होत नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार ठरता का, हे हुद्द्यावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. नावाला टीम लीड आणि दिवसभर कोडिंग, अशी कितीतरी जणं आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा केंद्राचा नवा कामगार कायदाही लागू झाला आहे, त्यामुळे कुठल्या दाराने आत जायचं हे कागद पाहूनच ठरवावं लागेल. व्हॉट्सअॅपवरचा नोटिशीचा नमुना भरून पाठवू नका. कामगार कायद्याचं काम करणारा वकील याच आठवड्यात गाठा.

प्रश्न : फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, 45 दिवसांनी मिळेल म्हणतात. (नाशिक)

ती एचआरची सवय आहे. वेतन संहितेनुसार कामावरून काढल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. लेखी मागा, न मिळाल्यास कामगार आयुक्तालयात तक्रार करा.

प्रश्न : हे तीन महिने रिझ्युमेतून गाळू का? एक कन्सल्टन्सी पंधरा हजारांत दुसऱ्या कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर देते. (छत्रपती संभाजीनगर)

तीन महिने गाळणं ही एक गोष्ट, बनावट पत्र हा गुन्हा. पीएफ कापला असेल तर तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. पार्श्वभूमी तपासणीत बऱ्याच कंपन्या तेच मागवतात. ती कन्सल्टन्सी तेव्हा फोन बंद करून बसलेली असेल. मुलाखतीत विचारलं तर 'प्रोबेशनमध्ये जमलं नाही' एवढं सांगा आणि जुन्या कंपनीची उणीदुणी काढू नका. पीएफही काढून घेऊ नका, पुढच्या खात्यात वर्ग करा, कारण पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांत हे महिनेही धरले जातात.

प्रश्न : मुलाला काढल्यापासून तो खोलीतून बाहेर येत नाही, जेवत नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. केस करावी का? (लातूर)

ताई, केस नंतर. आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे आज तुम्ही स्वतः बोला. जीव नकोसा झालाय असं काही तो बोलला असेल तर त्याला एकटं ठेवू नका, तडक रुग्णालय गाठा. वडिलांनाही आजच सांगा, हे एकटीने पेलायचं नाही. त्याचं नियुक्तीपत्र आणि काढल्याचं पत्र एवढे दोन कागद वकिलाकडे तुम्हीही नेऊ शकता.

प्रश्न : पगार देईपर्यंत लॅपटॉप अडकवून ठेवू का? (ठाणे)

नाही. परत करा आणि पोच घ्या.