लॅपटॉपचा पंखा ओरडतोय? आधी जाळी साफ करा

खाली ठेवायचं कूलिंग पॅड नंतर घ्या, आधी मागचं झाकण उघडा. धूळ पात्यांवर दिसते, पण हवा अडते ती पंखा आणि हीटसिंकची (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) जाळी यांच्यामध्ये साचलेल्या थराने. बाहेरून फुंकून तो निघत नाही. बॅटरीचा कनेक्टर काढा आणि ब्लोअर मारताना पातं बोटाने धरा. पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं.

सफाईनंतरही नुसत्या ब्राउझिंगला तापमान ९० अंशांवर जात असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली असण्याची शक्यता जास्त. हीटसिंक काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसा. लॅपटॉपच्या चिपवर सहसा धातूचं झाकण नसतं, म्हणून नवी पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पोचलीच पाहिजे. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्या शेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

जाळी स्वच्छ असूनही खरखर येतेय? मग पंखाच बदला.