पार्श्वसंगीत सुरुवातीला बरोबर बसतंय, शेवटी सव्वा सेकंद उशिरा येतंय, काय करू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: २२ मिनिटांची शॉर्ट फिल्म, नऊ क्यू म्हणजे संगीताचे नऊ तुकडे, प्रत्येकाची वेगळी वेव्ह फाइल, फाइलच्या नावात टाइमकोड (तुकडा कुठे सुरू होतो तो तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) टाकून एडिटरला पाठवले. तुमच्याकडे सगळं चपखल बसत होतं, एडिटरकडे मात्र पहिला क्यू बरोबर, मधले जरा मागे आणि २१व्या मिनिटाचा शेवटचा क्यू सव्वा सेकंद उशिरा. आणि आता तो म्हणतोय म्युझिक स्ट्रेच करून, म्हणजे ताणून लांबी बदलून द्या.

देऊ नका. हात जोडून सांगतो, आत्ता एकाही फाइलला हात लावू नका.

आधी एवढंच करा, एडिटरला सांगा की शेवटचा क्यू टाइमलाइनवर डावीकडे सव्वा सेकंद सरकव आणि त्या क्यूमधला पहिला हिट (चित्रातल्या क्षणावर बसवलेला ठळक ठोका) आणि अगदी शेवटचा हिट दोन्ही बसतात का ते बघ. दोन्ही बसले तर फाइलची लांबी बरोबर आहे, फक्त ती ठेवायची जागा चुकलीय, आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला वाटतं हेच झालंय. त्याची टाइमलाइन सेकंदाला २३.९७६ फ्रेमची असणार आणि तुमचं सेशन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट, २४ चं.

टाइमकोड घड्याळासारखा दिसतो पण ते घड्याळ नाही, ती फ्रेमची मोजणी आहे. तुमच्या २४ च्या सेशनमध्ये सुरुवातीपासून २१ मिनिटं म्हणजे ३०,२४० वी फ्रेम, ती येते १२६० व्या सेकंदाला. एडिटरकडे सेकंदाला २४ पेक्षा किंचित कमी फ्रेम जातात, त्यामुळे तीच ३०,२४० वी फ्रेम त्याच्याकडे १२६१.२६ व्या सेकंदाला येते. हाच तुमचा सव्वा सेकंद. दर हजार सेकंदांना एक सेकंद, तासाभराच्या फिल्ममध्ये ३.६ सेकंद. तुमच्याकडे व्हिडिओ स्वतःच्या खऱ्या वेगाने चालत होता म्हणून डोळ्याला सगळं ठीक दिसलं, चुकला तो फक्त वर दिसणारा आकडा, आणि तुम्ही तोच आकडा फाइलच्या नावात लिहिलात.

उपाय सोपा आहे, सेशनचा फ्रेम रेट २३.९७६ करा, पण करताना क्यू खऱ्या वेळेत आहेत तिथेच राहिले पाहिजेत, टाइमकोड धरून सरकायला नकोत. मग प्रत्येक क्यूचा नवीन टाइमकोड वाचून पाठवा. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग वेव्ह बाउन्स (एक्स्पोर्ट) करून द्या, म्हणजे नऊ जागा चुकण्याऐवजी एकच जागा बघावी लागते. एमपी३ मात्र देऊ नका, त्यात सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते.

हा चाचणीचा नियम कायम लक्षात ठेवा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर कुठेतरी डिले आहे, बऱ्याचदा ब्लूटूथ हेडफोन, त्यात पाव सेकंदापर्यंत सहज जातो, सिंक बघताना वायरवालेच वापरा. फरक वाढत जात असेल तर रेटचा घोळ. सूरच बदलला असेल, जवळपास दीड सेमीटोन (पेटीवरची दीड पट्टी) वर किंवा खाली, तर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ या ऑडिओच्या सँपल रेटची गल्लत. आणि फरक कधी जास्त कधी कमी असा लहरी असेल तर फुटेज मोबाइलचं आहे का विचारा, मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, ते एडिटरने आधी स्थिर रेटमध्ये बदलून घ्यायला हवं. फाइल नक्की किती रेटची आहे ते मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका मिनिटात दिसतं.

मी एवढं जीव तोडून सांगतोय कारण स्ट्रेच करून दिल्याचं मी एकदा भोगलंय. डॉक्युमेंटरी २५ वर शूट झालेली, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली फ्लिकर येऊ नये म्हणून बरेच जण २५ वरच शूट करतात. पुढे फेस्टिव्हलसाठी २४ ची कॉपी हवी होती, ती करणाऱ्यांनी चित्र आणि आवाज दोन्ही ४ टक्के हळू केले आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. काळी एकमधली बासरी खाली उतरून पांढरी एक आणि काळी एकच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहिली. ज्या काकांनी ती वाजवली होती ते माझ्या शेजारी बसून बघत होते, पहिल्याच आलापाला त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि मग शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. तेव्हा मी मूळ सेशन उघडून १०० चा टेम्पो ९६ केला, बासरी सूर न हलवता लांबवली, सगळे स्टेम (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) पुन्हा दिले, तीन रात्री गेल्या. तुमचा फरक ०.१ टक्क्याचा आहे, स्ट्रेच केलं तर कानाला कळणारही नाही, पण तुमच्या केसमध्ये बरोबर असलेली फाइल बिघडवून जागा तर चुकीचीच राहील.

फ्रेम-दोन फ्रेमचा फरक कोणाला कळतो असं एडिटर म्हणेल. त्याच डॉक्युमेंटरीत एक आजी तांब्या जमिनीवर ठेवते आणि तिथे संतूरचा एकच स्वर होता. तो तीन फ्रेम उशिरा आला तर चालत होता, तांब्या टेकला आणि मग मनात काहीतरी हललं असं वाटायचं. पण तीन फ्रेम आधी आला की सगळा प्रसंगच खोटा वाटायचा, पुढे काय होणार हे संगीताला आधीच माहीत असल्यासारखं. प्रकाश आधी आणि आवाज मागून, याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, लांब धुणं आपटणारी बाई दिसते आणि आवाज मागून येतो. म्हणून शंका असेल तिथे उशिराच्या बाजूला ठेवा, लवकरच्या नको.

पुढच्या वेळी काम हातात घेताना एडिटरकडून तीन गोष्टी मागून घ्या: चित्रावर छापलेला टाइमकोड, टाइमलाइनचा फ्रेम रेट लिहून, आणि टू-पॉप. टू-पॉप म्हणजे फिल्म ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० ला एक फ्रेमभर १ किलोहर्ट्झचा टिक. तुमच्या बाउन्समध्येही तो त्याच जागी ठेवा आणि फिल्म संपल्यावर दोन सेकंदांनी आणखी एक. दोन्ही टिक जुळले तर मधलं सगळं जुळलेलं असतं. आणि रेफरन्स व्हिडिओ एच.२६४ या फॉरमॅटमध्ये आला आणि स्क्रब करताना (टाइमलाइनवर पुढे-मागे ओढताना) अडखळत असेल तर प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये मागा, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पूर्ण असते, त्यामुळे जिथे क्लिक कराल तीच फ्रेम समोर येते.

आज एडिटरला फक्त टाइमलाइन सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. २३.९७६ निघालं तर वरचं करा, दुसरं काही निघालं तर आकडा इथे लिहा, आपण हिशोब करून बघू.