पांढऱ्या रस्त्यांची तयारी : ग्रॅव्हल सायकलिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

इटलीत सिएना शहराच्या आसपास, तोस्कानाच्या टेकड्यांमधून चुनखडीच्या खडीचे कच्चे रस्ते जातात. स्त्रादे बियांके, म्हणजे 'पांढरे रस्ते', या नावानं ते सायकलवाल्यांना ठाऊक आहेत. 2007 पासून त्याच नावाची व्यावसायिक शर्यतही तिथे होते. ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे, वाहनं तुरळक. या रस्त्यांवर किंवा स्पेनमधल्या जिरोना परिसरात सायकल न्यायचं ठरवलेल्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे, टायर 32 मिलिमीटरचे. मे महिन्यात सिएनाला जायचंय. नवी ग्रॅव्हल बाइक (खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल) घ्यावी लागेल का? (कोथरूड)

आधी मोजून पाहा. पुढच्या फोर्कमध्ये आणि मागे चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या) आत 40 मिलिमीटरचा टायर बसून दोन्ही बाजूंना 4-5 मिलिमीटर जागा उरत असेल, तर नवी सायकल घेऊ नका. ते पैसे टायर आणि गिअरवर घाला. जागा कमी असेल तर 38 मिलिमीटरवरही काम भागतं. 32 मात्र नको. कोरडा, दाबून बसलेला रस्ता त्यावर जमेल, पण सुटी खडी असलेल्या उतारावर हाताला आणि मनगटाला फार मार बसतो.

रुंदीइतकंच महत्त्व हवेला आहे. 70 किलो वजनाच्या माणसानं 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयपासून सुरुवात करावी. वजनात 5 किलोचा फरक असेल तर साधारण 2 पीएसआय वाढवा किंवा कमी करा. ट्यूब असेल तर 6-7 पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आपल्याकडे हवा ठासून भरण्याची सवय आहे. कच्च्या रस्त्यावर त्यानं चाक उडतं, पकड जाते आणि वेगही कमी होतो. गाड्यांमुळे आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर हा फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतो.

सिंहगडाच्या घाटात मी शेवटी उतरून चालतो. पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), 40 दात, मागे सगळ्यात मोठी चकती 34 दातांची. तिथले चढ जमतील का? (सहकारनगर)

या गिअरवर अवघड जाईल, आणि त्यात दोष पायांचा नाही. हिशेब करून पाहू. 40 ला 34 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे सुमारे 1.18 फेरे. 40 मिलिमीटर टायरच्या चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग ताशी 9.3 किलोमीटर होतो. सायकल धरून 85 किलो वजन 12 टक्क्यांच्या चढावर या वेगानं न्यायला नुसत्या चढासाठीच सुमारे 260 वॉट लागतात, खडीचा विरोध वेगळा. हौशी माणसाला एवढी ताकद दहा-पंधरा मिनिटं टिकवणं जड जातं. मग तो फेरे 40 वर आणतो, गुडघ्यावर ताण घेतो, शेवटी पेडलवर उभा राहतो. डांबरावर उभं राहून चालतं. सुट्या खडीवर उभं राहिलं की वजन पुढे जातं, मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि पाय टेकावा लागतो. एकदा थांबल्यावर तशा चढावर पुन्हा निघणंही कठीण. म्हणून बसूनच चढता येईल असा गिअर हवा.

सिएनाजवळच्या ले तोल्फे या कच्च्या चढाचा कमाल उतार 18 टक्के आहे. त्यामुळे पुढच्या-मागच्या दातांचं प्रमाण 1 च्या खाली आणाच. स्वस्त वाट म्हणजे पुढची चेनरिंग लहान करणं. तुमच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बसत असेल तर 32 दातांची लावा. उतारावर पेडल लवकर रिकामे फिरू लागतील, पण खडीच्या उतारावर पेडल मारायचं नसतंच. मागे 42 दातांची चकती बसवायची असेल तर आधी रिअर डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का ते दुकानात विचारून घ्या, बहुतेकदा तोही बदलावा लागतो. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मोठी केली तर साखळी लांब हवी. साखळी आखूड राहिली आणि चढाच्या घाईत मोठ्या चकतीवर टाकली, तर डिरेलर ओढला जाऊन मोडतो.

सरावाचं म्हणाल तर सिंहगडाचा डांबरी घाट पाय तयार करतो, सुट्या खडीवरचा तोल शिकवत नाही. दिवे घाट चढून झेंडेवाडी, सोनोरी, मल्हारगडाकडचे मुरुमाचे रस्ते त्यासाठी चांगले. कडक जमिनीवर पसरलेला बारीक मुरूम चाकाखाली छऱ्यांसारखा सरकतो, आणि तोस्कानातल्या उतारांवरही वळणाच्या बाहेरच्या कडेला अशीच खडी साचलेली असते. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दाबून घ्या. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं, आणि ते निसटल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. गाडीच्या चाकोरीतून चला, हँडल घट्ट आवळू नका, कोपरं वाकवलेली ठेवा.

मे बरा की ऑक्टोबर? दोन्ही वेळा रजा मिळू शकते. (बाणेर)

पहिल्यांदा जाणाऱ्यानं मे निवडावा. दिवस मोठा असतो, साडेआठपर्यंत उजेड राहतो आणि रस्ते बहुधा कोरडे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 च्या वर जातो आणि या टेकड्यांवर सावली जवळजवळ नाही. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सुरेख असतो, पण पावसाची जोखीम वाढते. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी हा चिकणमातीचा पट्टा आहे. शर्यतीतला मोन्ते सान्ते मारिये हा 11.5 किलोमीटरचा कच्चा टप्पा याच भागातला. तिथे चांगला पाऊस झाला की आपल्याकडच्या काळ्या मातीत होते तीच गत. माती टायरवर थराथरानं चढते, फोर्कमध्ये अडकते, चाक फिरेनासं होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारू नका. मागे डिरेलरमध्ये माती-गवत अडकलेलं असतं आणि तो हँगरसकट, म्हणजे फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट, तुटतो. खाली उतरा, काडीनं माती काढा, सायकल उचलून गवताच्या कडेनं चाला. मोठ्या पावसानंतरचा एक दिवस डांबरी रस्त्यांसाठी राखून ठेवा.

इटलीत शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. मंगळवार आणि शुक्रवार शिकारीला बंदी असते. त्यामुळे ऑक्टोबरात गेलात तर जंगलातल्या वाटा या दोन दिवशी करा. इतर दिवशी भडक रंगाचं जाकीट घाला, आणि रानडुकराच्या शिकारीची पाटी दिसली तर मागे फिरा.

ट्यूबलेस टायर असूनही अडकलो. सीलंटनं भोक भरलं नाही म्हणून ट्यूब घातली, तर पाच मिनिटांत तीही पंक्चर. असं का? (कर्वेनगर)

कारण काटे आतच होते. पुण्याच्या बाहेर बाभळीचे काटे आणि सराटे टायरमध्ये रोज घुसतात. सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेला भोक भरणारा द्रव, त्यांच्याभोवती भोक बंद करतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही आणि काटे तिथेच राहतात. एका टायरमध्ये असे पाच-सहा काटे सहज निघतात. ट्यूब घालण्याआधी टायर पूर्ण उलटा करून आतून जुना मोजा किंवा फडकं फिरवा. कापडाचा धागा अडकेल तिथे काटा आहे. बोटानं तपासू नका, टोक बोटात घुसतं. बारीक चिमटा जवळ ठेवा, कारण मोडलेलं टोक नखानं निघत नाही. घरी परतल्यावर बाहेरून दिसणारे काटेही उपटा आणि भोक खाली येईल असं चाक धरा, म्हणजे सीलंट तिथे वाहून भरेल.

सीलंट का चाललं नाही, याचं उत्तर बहुधा ते वाळलेलं होतं हेच आहे. 40 मिलिमीटरच्या टायरला सुरुवातीला 60 मिलिलिटर लागतं. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात सहा ते आठ आठवड्यांनी 30 मिलिलिटर पुन्हा घाला. चाक कानाशी हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐका. 3 मिलिमीटरहून मोठं भोक असेल तर सीलंटवर विसंबू नका, प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) घाला. टायरची बाजू फाटली असेल तर जुन्या टायरचा 5 बाय 3 सेंटिमीटरचा तुकडा आतून लावून मग ट्यूब टाका. तोस्कानात काटे आपल्याएवढे नसतात. तिथे टायर कापतो तो धारदार दगडानं, म्हणून हा तुकडा बॅगेत हवाच.

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. चढ झेपणार नाहीत. भूमध्य समुद्राकडे आमच्यासाठी काही? (औंध)

आहे, आणि उत्तम आहे. स्पेनच्या कातालोनियात ओलोत ते जिरोना हा 54 किलोमीटरचा मार्ग जुन्या अरुंद लोहमार्गावर केलेला आहे. ती रेल्वे 1969 मध्ये बंद पडली. आगगाडीची वाट असल्यानं चढ सौम्यच राहतो. सायकल ओलोतला नेऊन तिथून निघा, म्हणजे सुरुवातीचा थोडा चढ सोडला तर पुढे बहुतेक उतारच. दोन दिवसांत निवांत करा. जिरोनाहून सान्त फेलिऊ दे गिशोल्सपर्यंत आणखी 39 किलोमीटरचा तसाच मार्ग आहे, तो थेट समुद्रावर उतरतो. 35 मिलिमीटरचे टायर पुरतात. ओलोतचा परिसर ज्वालामुखींचा आहे. तिथला काळा बेसॉल्ट पाहून सह्याद्रीच्या माणसाला ओळखीचं वाटेल.

विमानासाठी सायकल खोक्यात भरताना काय जपावं? (निगडी)

पेडल काढताना पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पेडल त्याच दिशेनं सैल होतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असल्यानं अनेकजण ते आणखी आवळून बसतात. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घाला. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि तिथे गेल्यावर चाक बसत नाही. रिअर डिरेलर हँगरपासून सोडवून, गुंडाळून चेनस्टेच्या आतल्या बाजूला बांधा, आणि तुमच्याच मॉडेलचा जादा हँगर सोबत घ्या. दुसऱ्या सायकलचा चालत नाही आणि परगावी पटकन मिळतही नाही. ट्यूबलेसची हवा पूर्ण सोडू नका, 15-20 पीएसआय राहू द्या, नाहीतर टायर रिमवरून सुटून सीलंट खोक्यात सांडतं. इलेक्ट्रॉनिक गिअरची सुटी होणारी बॅटरी हातातल्या सामानात ठेवा. गॅसच्या नळकांड्यांऐवजी हातपंप न्या. जोडताना स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या भागावर) छापलेल्या आकड्याइतकेच बोल्ट आवळा, तो बहुधा 5 न्यूटन-मीटर असतो.

शाकाहारी आहोत. खाण्यापिण्याचं काय? (सदाशिव पेठ)

तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. खजूर आणि गुळाची चिक्की हे उत्तम खाणं आहे आणि नेताही येतं. पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथे पिची नावाची जाड शेवई टोमॅटो-लसणाच्या रश्शात मिळते. रिबोलिता हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचं सूपही मिळतं, मात्र त्यात मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारा. गावातली दुकानं दुपारी एक ते चार आणि रविवारी बंद असू शकतात, म्हणून सकाळीच घेऊन ठेवा. दोन बाटल्या कमी पडतात, तिसरी फ्रेमला बांधा. गावाबाहेरच्या दफनभूमीत बहुतेकदा नळ असतो, पण वर 'नॉन पोताबिले' असं लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका, फक्त डोक्यावर ओता.