टर्किश डिलाइट आणि तसल्या जेलीच्या तुर्की मिठाया चवीला कशा असतात? शाकाहारी घरासाठी कोणत्या मागवाव्यात?

तुमचा मित्र इस्तंबूलला चाललाय, घरचे सगळे शाकाहारी, आणि टर्किश डिलाइट म्हणजे गुलाबाच्या वासाची नुसती गोडमिट्ट जेली असं तुमच्या कानावर आलंय. तर मागवावं की नाही, असा प्रश्न आहे.

मागवा. फक्त विमानतळावरचा रंगीबेरंगी डबा नको. तुम्ही जे ऐकलंय ते त्या डब्यांबद्दल अगदी खरं आहे. मी जर्मनीत राहते, आमच्या भागात तुर्की दुकानं भरपूर, इस्तंबूललाही जाणं झालंय, त्यामुळे हे प्रकार बरेच खाऊन झालेत.

तिकडे याला लोकुम म्हणतात. साहित्य एवढंसंच: साखर, पाणी, स्टार्च आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड किंवा क्रीम ऑफ टार्टर. म्हणजे आपला कराची हलवाच, तूप वजा करून. पण ते तूप नसल्यामुळे सगळंच बदलतं. हलवा चकचकीत असतो आणि दाताखाली सटकतो. लोकुमला तुपाचा आधार नाही, म्हणून वड्या एकमेकींना चिकटू नयेत यासाठी वरून पिठीसाखर आणि स्टार्च भुरभुरतात. चावल्यावर तो आधी थोडा ताणला जातो, मग हळूहळू विरघळतो. घशाशी तुपकट काही उरत नाही, त्यामुळे सोबतचा वास आणि सुकामेवा जास्त स्पष्ट कळतो.

कसब आहे ते शिजवण्यात. मंद आचेवर तासाहून जास्त वेळ घोटत राहावं लागतं. आंबटामुळे काही साखर फुटते आणि ती पुन्हा दाणेदार होत नाही. मग स्टार्च पसरलेल्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी कापायचं. घाई केली की स्टार्च कच्चा राहतो आणि तोंडात पिठूळ चव येते. स्वस्त डब्यांमध्ये नेमकं हेच होतं, आणि मग ते झाकायला गुलाबाचा वास दामटून घालतात. चांगला लोकुम बोटाने दाबला की परत वर येतो, कापलेली बाजू काचेसारखी स्वच्छ दिसते, आणि दातांना तो चिकटून बसत नाही.

मित्राला सांगा की सुटा, वजनावर मिळणारा घे आणि आधी चाखून बघ. दुकानदार स्वतःहून तुकडा पुढे करतात, त्यात संकोच कसला. इस्तंबूलमधल्या एमिनोन्यूच्या मसाला बाजाराजवळ बाहचेकापी म्हणून भाग आहे. कास्तामोनूकडून आलेल्या बेकिर एफेंदींनी 1777 मध्ये तिथे मिठाईचं दुकान काढलं, ते हाजी बेकिर या नावाने आजही चालू आहे. जुन्या पद्धतीचा लोकुम कसा असतो ते कळायला तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

प्रकारांत माझी पहिली पसंती 'चिफ्ते कावरुलमुश फिस्तिकली'ला. हा जास्त आटवलेला, घट्ट लोकुम, लहान तुकड्यांचा आणि पिस्त्यांनी गच्च भरलेला. ज्यांना गोड फारसं सोसत नाही त्यांनाही हा आवडतो. 'साकिझली' म्हणजे मस्तकीचा. खिओस बेटावरच्या झुडपांचा हा डिंक, त्याला देवदारासारखा वास असतो. मला आवडतो, आमच्या घरी दुसऱ्या कुणालाही नाही. गुलाबाचा घ्यायचाच तर थोडा घ्या. अफ्योनचा साय घातलेला लोकुम अप्रतिम असतो, पण तो टिकत नाही, तिथेच खायचा.

आता शाकाहाराचं. पारंपरिक लोकुम स्टार्चवर जमतो, त्यात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, जेली जमवणारा पदार्थ) नसतं. भानगड आहे ती नव्या प्रकारांत. पांढऱ्या फुगीर थरात गुंडाळलेली जी वळकटी दिसते, त्या थरात अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन असू शकतं. वेष्टनावर 'जेलातिन' दिसलं की परत ठेवायचं, 'निशास्ता' म्हणजे स्टार्च, तो चालतो. गमी कँडीच्या वाटेला तर जाऊच नका. जर्मनीत त्यात बहुतेक डुकराचं जिलेटिन असतं, तुर्की दुकानातल्या हलाल पाकिटांत गाईगुरांचं. आपल्याला दोन्ही सारखंच.

आणि खरं सांगायचं तर, मला लोकुमपेक्षा त्याची भावंडं जास्त आवडतात. मेर्सिनकडची 'जेझेर्ये' गाजराची असते. गाजर साखरेत आटवून घट्ट करतात, आत अक्रोड किंवा हेझलनट, बाहेरून खोबऱ्याचा कीस. रंग गडद, गोडवा बेताचा. दुसरं म्हणजे 'जेविझली सुजुक'. दोऱ्यात अक्रोड ओवून ती माळ द्राक्षाच्या आटवलेल्या, पिठाने दाट केलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवतात आणि टांगून वाळवतात. शेजारच्या जॉर्जियात हाच प्रकार चुर्चखेला नावाने मिळतो. वरून चिवट, आतून कुरकुरीत, आणि द्राक्षाच्या रसाची हलकी आंबूस चव. प्रवासाला याच्यासारखं काही नाही. पण दुकानात नुसतं 'सुजुक' मागू नका! ते बहुतेक वेळा गोमांसाचं मसालेदार सॉसेज असतं. आकारामुळे या मिठाईलाही तेच नाव पडलंय. 'जेविझली', म्हणजे अक्रोडाचं, हे आवर्जून म्हणायचं.

तुम्हाला फळाच्या खऱ्या चवीची जेली हवी असेल तर मात्र लोकुम ती नव्हे. डाळिंबाच्या लोकुममध्येही बऱ्याचदा नुसता रंग आणि वास असतो. फळाचा गर साखरेत आटवून त्याच्याच पेक्टिनवर (फळातच असलेला, जेली जमवणारा घटक) जमवलेली वडी हवी, तर गोव्याचं पेरूचं पेराद खा. पोर्तुगीज लोक क्विन्स फळाची अशीच मार्मेलादा करतात, त्याच घराण्यातला हा पदार्थ. नाताळच्या सुमारास घरगुती मिळाला तर सोडू नका, आणि त्यासाठी इस्तंबूल गाठायचीही गरज नाही.

खाताना एका वेळी एक तुकडा, सोबत बिनसाखरेची कॉफी. तिकडे कॉफीच्या बशीत एकच वडी ठेवतात ते उगाच नाही. आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, स्टार्च कडक होतो. हवाबंद डब्यात बाहेरच राहू द्या. पावसाळ्यात वरची साखर ओलसर झाली तर पुसून पुन्हा कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखरेत घोळवा. मित्राला अर्धा किलोच सांगा, त्यात निम्मा पिस्त्यांचा.