घुमटाचा (गोव्याच्या कातडं ताणलेल्या मडक्याच्या वाद्याचा) आवाज रेकॉर्डिंगमध्ये घोगरा का येतो? आणि गोव्याच्या इतिहासावरच्या फोक अल्बममध्ये मांडो हा कोकणी गीतप्रकार कुठे बसेल?

माइक बहुतेक मडक्याच्या उघड्या तोंडाशी लागलाय. तिथे नुसता खर्ज मिळतो, बोटांची थाप कातड्याकडे असते. दोन माइक लावा: एक कातड्यापासून वीतभर, जरा तिरका, दुसरा मागच्या तोंडापासून हातभर दूर आणि बाजूला, कारण तळव्याच्या उघडझापीचा वारा थेट माइकवर येतो. मग एका माइकची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका, जी भरीव वाटेल ती ठेवा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, टेकआधी हलकं शेकवा. जमल्यास डिसेंबरनंतरच रेकॉर्ड करा. घोरपडीच्या कातड्याचं घुमट मात्र नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे तो गुन्हा ठरतो. बकरीचं चालतं.

मांडो एकोणिसाव्या शतकात घडला. त्यामुळे 1583 च्या कुंकळ्ळीच्या, म्हणजे पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावाच्या, गाण्याला मांडोची चाल दिलीत तर जाणकार लगेच पकडतील. तिथे घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कांसाळें (झांजा) पुरे. मांडो आणि गिटार-व्हायोलिन नंतरच्या काळासाठी राखा. 1852 चं दिपाजी राण्यांचं पोर्तुगीजांविरुद्धचं बंड सत्तरी तालुक्यातलं, म्हणजे तिथला बाज वेगळा हवा. 18 जून 1946 च्या राममनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेसाठी वाद्यं कमी, कोरस जास्त.